ओढ्यात शरभ आलाय

बोरदरा, ता. पारनेर
६ डिसेंबर १९४५

चि. मार्तंड यास अक्काचे आशीर्वाद.

‘पत्र लिहिण्यास कारण की’ इथपर्यंत हात सवयीने गेला आणि तिथेच अडला. कारण आहे, पण ते नीट सांगता येईल असं वाटत नाही. मी लिहीत जाते, कारण तू शोधून काढ. तुझं शिक्षण त्यातलंच आहे.

परवाच्या अमावास्येला आपल्या ओढ्याकाठच्या वाघोबाने खोळ टाकली. मुंबईत राहून विसरला असशील म्हणून सांगते. पिढ्यान्‌पिढ्या तेल-शेंदराचे थर चढून तो देव मुळात कसा आहे हे कोणालाच ठाऊक नव्हतं. दोन डोळे तेवढे चिकटवलेले, बाकी सगळा शेंदराचा गोळा. यंदा देवाची पाळी पुंजाराम धनगराकडे आहे. तो शेंदूर लावायला गेला, हात टेकवला, आणि वीतभर जाडीचं ते कवच अख्खंच्या अख्खं सुटून त्याच्या पायाशी पडलं. पुंजाराम वहाणा घालायचंही विसरून गावात पळत आला.

रिवाजाप्रमाणे खोळ वाजतगाजत नेऊन कुकडीत सोडली. तिथवर सगळं ठीक झालं. पण खोळीतून जो निघाला तो वाघ नाही रे.

तोंड सिंहाचं म्हणावं तर नाक कुत्र्याचं. मानेवर उभी आयाळ. पुढचे पाय उंच, आणि पाठ तिथून मागे अशी उतरत गेलेली की मागून पाहिलं तर दुसरंच जनावर वाटावं. सगळं गाव भोवती उभं राहिलं. राहीबाई, शेजारच्या, आपल्याकडचं दळणकांडण बघतात त्या, मला हळूच म्हणाल्या, “बाई, मंग आमी इतकी वर्सं नारळ फोडत हुतो ते कोनाला?” मीही त्यालाच नमस्कार करत होते.

शेवटी आप्पांना बोलावलं. आप्पांना आता जवळजवळ दिसत नाही, हे तुला कोणी कळवलं की नाही मला माहीत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. नगरचे डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात, आणि आप्पा म्हणतात, “बघायचं काय राहिलंय?” तर ते काठी टेकत आले, दगडापाशी बसले आणि बोटांनी चाचपत राहिले. कान, आयाळ, पाठ, पंजे, पुन्हा कान. मग उठून सगळ्यांदेखत म्हणाले, “हा शरभ आहे.”

तुम्हा दोघांचं बिनसल्यापासून हा शब्द आपल्या घरात कोणी उच्चारला नव्हता. तुझा राग नेमका कशावर होता हे मला अजून कळलेलं नाही, मार्तंडा. आप्पांनी मासिकात लेख लिहिला की किल्ल्यांच्या दारांवर शरभ कोरणाऱ्यांनी असं काहीतरी जनावर डोळ्यांनी पाहिलेलं असणार. पुढच्याच अंकात तू पूर्ण नावानिशी, मागे बी.एस्सी. लावून, उत्तर छापलंस की सिंहाला पंख डकवले म्हणजे जनावर होत नाही. दिवाळीला घरी आलास तेव्हा आप्पांनी तुला वाढता वाढता विचारलं, “शंभरात किती दिलेस मला?” आणि तू ताटावरून उठलास. एवढंच ना? की आणखी काही झालं होतं आणि मी तेव्हा चुलीपाशी होते?

असो. गावाने आता असं ठरवलंय की अंगाला शेंदूर लावायचा, पण तोंड उघडं ठेवायचं, कोण आहे याची खात्री होईपर्यंत. मला हसू आलं. पण दुसरं काय करावं तेही सुचलं नाही.

आप्पांना या पत्राचं सांगितलेलं नाही. तू उत्तर देशील असंही धरून चाललेले नाही.

अक्का


१५ डिसेंबर

चि. मार्तंड,

उत्तर आलं नाही. येणार नाही असं मीच लिहिलं होतं, मग वाईट का वाटलं कोण जाणे.

इथे काय चाललंय ते ऐक. पुंजारामचं एक कोकरू गेलं. मग खालच्या आळीतली एक शेळी गेली. आणि देवापासून ओढ्यापर्यंत ओल्या मातीत पंजे उमटले, लाल. शेंदराचे. ते आधी राहीबाईंनी पाहिले आणि घागर तिथेच ठेवून आल्या. “बाई, देव खोळ टाकून हिंडाया निघालाय. म्या सोता पाऊल बघितलं, लाल हाय.” मी जाऊन पाहिलं. खरंच लाल होतं.

गावाचं म्हणणं असं की इतकी वर्षं देव कोंडलेला होता, त्याला भूक लागणारच. म्हणून रोज कोणी ना कोणी दगडापुढे हाडं, मुंडी, जे असेल ते ठेवून येतं. सकाळी काही उरत नाही. देव जेवला म्हणून लोक आनंदात, आणि शेळी गेली म्हणून तेच लोक रडतात. मी पुंजारामला म्हटलं, “अरे, जेवायला घातलं तर जनावर येणारच.” तो म्हणाला, “व्हय की. मंग देव उपाशी ठिवायचा व्हय?” याला उत्तर काय द्यायचं? तू एवढा शिकलास, तुला येतं का?

पाटलांच्या काकासाहेबांकडे बाराची बंदूक आहे. ते हाका घालून जनावर उठवायचं म्हणतात. गावातला एकही माणूस देवाच्या मागे डबे वाजवत जायला तयार नाही, तेव्हा संगमनेरकडून माणसं आणणार आहेत. म्हणजे हाका होणार हे नक्की. आणि आप्पा रोज दिवस कलला की ओढ्यावर जाऊन त्या दगडापाशी बसतात. एकटे, घोंगडी पांघरून, या थंडीत. झुडपाआडच्या बंदुकीला घोंगडीतला म्हातारा कोण आणि जनावर कोण हे कसं कळणार? मी सांगून थकले. ते म्हणतात, “मार्तंडाचं जनावर आलंय आणि मी घरात बसू?”

मार्तंडाचं जनावर! तुला आठवतो का रे तो खेळ? जेवताना प्रत्येकाने आपापलं जनावर सांगायचं. आईची कामधेनू, कारण दूध देत नाही ते जनावर माझ्या दारात नको म्हणायची. माझा गंडभेरुंड. तू मला छळायचास, अक्के, त्याच्या दोन डोक्यांचं एकमत कसं होतं? अजून झालेलं नाही, बाबा. आणि तुझा शरभ. रुसून माळ्यावर जाऊन बसलास की आई लाडू दाखवायची, मी माझा भोवरा देऊ करायची, तू ढिम्म. मग आप्पा अंगणात उभे राहून ओरडायचे, “मार्तंडा, ओढ्यात शरभ आलाय!” की तू धडाधडा शिडी उतरून खाली. ते खोटं आहे हे तुला पहिल्या खेपेलाच कळलं होतं. तरी दर वेळी उतरायचास. का, ते मला तेव्हाही कळलं नाही.

माझं मागणं एवढंच आहे. एक कार्ड लिही, आप्पांच्या नावाने. ‘हे जनावर तरस आहे’ असं स्पष्ट लिही. मला वाटतं ते तरसच असावं. या बाजूला आहेत ते, फारसे दिसत नाहीत इतकंच. तुझ्या शब्दाने आप्पांची समजूत पटेल. पटणार नाही, पण निदान चिडून घरात तरी बसतील. त्यांना काही झालं तर मी कोणाकडे बघू?

अक्का


२८ डिसेंबर

मार्तंडा,

ते कार्ड लिहू नकोस. लिहिलं असशील तर टाकू नकोस. टाकलं असशील तर मला माफ कर, कारण मी काय करायला सांगितलं आणि काय नको सांगतेय याचा माझा मलाच मेळ लागत नाहीये.

मी पाहिलं.

काल दिवेलागणीला आप्पांना आणायला राहीबाईंना सोबत घेऊन गेले होते. उजेड अजून होता. आप्पा दगडाला पाठ लावून बसले होते. आम्ही चिंचेपाशी पोचतो न पोचतो तोच पलीकडच्या काठावर ते येऊन उभं राहिलं. पुढून उंच, मागून खाली, अगदी दगडासारखं. आणि आयाळ शेंदरी. मी उन्हाची तिरीप म्हणाले असते, पण ऊन केव्हाच गेलं होतं. भडक, ओली, शेंदरी आयाळ, आणि ती त्याने अशी उभी केली की ते जनावर दुप्पट झालं. त्याने आमच्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, आणि लंगडत असल्यासारखं चालत करवंदीच्या जाळीत गेलं. राहीबाई म्हणत होत्या, “हात जोडा बाई, हात जोडा.” मी जोडले. शाळेत पहिलीच्या मुलींना भूत नसतं म्हणून शिकवणारी मी.

आता सांग, तरस शेंदरी असतं का? नसतं ना? मग? तूच एकदा सुटीत सांगितलं होतंस की ऑस्ट्रेलियात एक जनावर आहे, चोच बदकाची, अंडी घालतं आणि पिलांना दूध पाजतं. ते कातडं पहिल्यांदा विलायतेला आलं तेव्हा तिथले पंडित टाके शोधत बसले होते, कोणीतरी शिवून फसवलंय म्हणून. तुला ते सांगताना किती आनंद झाला होता! तोच तू आप्पांच्या शरभाला मात्र पहिल्या ओळीत निकालात काढलंस. हे कसं, ते मला समजावून दे.

घरी येताना आप्पांनी सगळं दोनदा वदवून घेतलं. कान कसे, चाल कशी, रंग कसा. मग म्हणाले, “लिहून काढ. माणूस विसरतं.” आणि घरात पाऊल ठेवता ठेवता, “टपाल हल्ली कोणत्या वाराला जातं ग?” टपालाचा आणि शरभाचा काय संबंध, असं माझ्या मनात आलं. पण त्यांचं हल्ली असंच असतं, कुठून कुठे जातात.

झोप आली नाही म्हणून विचार करत पडले होते. न सापडलेल्या जनावराचं माणसाला एवढं वेड का? गाय रोज दारात उभी असते, तिला कोणी किल्ल्याच्या दारावर कोरत नाही. सापडलं की त्याला नाव पडतं, दात मोजतात, भुसा भरतात आणि तू नोकरीला आहेस तसल्या अजबखान्यात काचेआड ठेवतात. न सापडलेलं मात्र ज्याचं त्याच्या मनासारखं राहतं. तुझं आमच्या घरी तसंच झालंय, बघ. कोणी पाहिलेलं नाही आणि वर्णनं सगळ्यांकडे. राहीबाई म्हणतात तू आता गोरा झाला असशील. आप्पा म्हणतात टक्कल पडलं असेल. मला वाटतं तू बारीक झाला असशील.

अक्का


९ जानेवारी १९४६

चि. मार्तंड,

तुझं कार्ड आलं. व्हायचं तेच झालं, माझं दुसरं पत्र तुला मिळालं आणि तिसरं मिळायच्या आत तू कार्ड टाकलंस.

आप्पा ओसरीवर बसले होते. मी वाचून दाखवलं. ‘ति. आप्पांस सा. न. वि. वि. वर्णनावरून जनावर तरस आहे. माणसाला सहसा अपाय करत नाही. काळजी नसावी. मार्तंड.’

“पुढे?” आप्पा म्हणाले.

“संपलं.”

“मागच्या बाजूला?”

“पत्ता आहे.”

“पत्त्याखाली काही असेल.”

“नाही हो आप्पा.”

त्यांनी कार्ड हातात घेतलं आणि त्या दगडावरून फिरवतात तशी बोटं त्यावरून फिरवली. मग विचारलं, “अक्षर अजून डावीकडेच कलतं का त्याचं?” मी हो म्हटलं. कार्ड कोटाच्या खिशात गेलं. ते रागावले नाहीत. शरभ खोटा ठरला म्हणून खचलेही नाहीत. चेहरा कसा झाला होता ते मला शब्दांत सांगता येत नाही. मला वाटलं होतं, आता तरी ओढ्यावर जाणं बंद होईल. दिवस कलल्यावर बघते तर स्वारी काठी घेऊन निघालेली. “आता कशाला? तरस आहे म्हणून आलं ना पत्र?” तर म्हणतात, “एका कार्डाने काय होतंय. आणखी एखादं येऊ दे.”

मला यातलं काहीही कळत नाही.

आता दुसरी गोष्ट. सोबतच्या कागदाच्या पुडीत केस आहेत. दगडाच्या कडेला, ओल्या शेंदरात चिकटलेले सापडले, माझ्या कमरेच्या जरा खाली. राठ आहेत. म्हणजे ते जनावर तिथे मान घासतं. पुंजाराम अमावास्येपासून घसघशीत तेल घालून शेंदूर थापतोय, तोंड सोडून. जनावर हाडांच्या वासाने येतं, जेवतं, मान घासतं आणि शेंदरी आयाळ घेऊन परत जातं. पाय पडतो तोही त्यातच. म्हणजे ज्याला गाव देव म्हणतंय त्याला गावानेच रंगवलंय. हे सुचलं तेव्हा मला इतकं हसू आलं की राहीबाई चुलीपासून उठून आल्या. त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, “आसंल. पर मान घासाया त्यानं देवच का निवाडला?”

मग माझं हसू गेलं. कारण तरस म्हणावं तर दुसरं काहीतरी उभं राहतं. तो दगड कोणी कोरला? उतरती पाठ, उभी आयाळ, कुत्र्याचं नाक. कोरणाऱ्यानेही कधीतरी ओढ्यात तरसच पाहिला असेल, आणि त्याला तो नुसता तरस वाटला नसेल. म्हणजे आप्पा म्हणत होते तसं, कोरणाऱ्याने पाहिलं होतं. आणि तू म्हणत होतास तसं, शरभ नव्हता. तुम्ही दोघंही बरोबर आहात आणि दोघंही रुसून बसला आहात, असं मला दिसतंय. माझ्या गंडभेरुंडाचीसुद्धा याहून बरी अवस्था असेल.

हाका किंक्रांतीला ठरलाय. गावातले म्हणतात, किंक्रांतीला कोणी चुलीवर नवं मडकं ठेवत नाही आणि हे बंदूक काढतायत. काकासाहेब ऐकत नाहीत.

तू ये, मार्तंडा. कार्ड नको, पत्र नको. येऊन आप्पांच्या हाताला धरून त्यांना घरी आण. मला ते जमत नाही.

अक्का


१७ जानेवारी

मार्तंडा,

तू आला नाहीस. आप्पा सुखरूप आहेत, हे आधी लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. लागत असेल तर.

किंक्रांतीला सकाळी मी उठले तेव्हा त्यांचं अंथरूण रिकामं होतं. मी आणि राहीबाई धावत ओढ्यावर गेलो. ते दगडाशी बसलेले. वरच्या अंगाला डबे वाजायला लागले होते. त्यांना उठवून नेण्याइतका वेळ राहिला नव्हता, म्हणून आम्ही दोघी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसलो आणि मी माझं लाल लुगडं बघून तरी काकासाहेबांना कळावं म्हणून पदर उंच धरून ठेवला. हात भरून आला पण खाली घेतला नाही. जनावर जाळीतून निघालं ते खालच्या वळणावर, आमच्यापासून लांब. एकच बार झाला.

बैलगाडीतून ते शाळेच्या अंगणात आणून टाकलं. सगळं गाव जमलं आणि कोणी जवळ जाईना. पुंजारामने डोक्याचं पागोटं काढून मांडीवर घेतलं होतं, घरातलं माणूस गेल्यासारखं. बायका रडत होत्या. कोणीतरी काकासाहेबांना ऐकू जाईल असं म्हणालं, “देवाला मारलं. आता गावाचं काय खरं न्हाई.” काकासाहेबांनी बंदूक शाळेच्या भिंतीला टेकवली. ते आप्पांजवळ येऊन म्हणाले, “मास्तर, हात लावून सांगा. काय मारलं मी?”

आप्पा खाली बसले. मला वाटलं, आता तासभर चाचपतील आणि शरभ म्हणतील, आणि गाव काकासाहेबांना उभं फाडेल. त्यांनी एकदाच मानेवरून हात फिरवला, ओठ उचलून दाढा बघितल्या, म्हणजे बोटांनी, आणि खणखणीत आवाजात, वर्गात सांगत तसं म्हणाले, “तरस आहे. मादी. म्हातारी होती, दाढा झिजल्यात. देव आपल्या जागी बसलाय. घरी जा सगळे.”

लोकांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

घरी आल्यावर मी विचारलं, “आप्पा, तुम्हाला हे कधी कळलं?”

“पहिल्या दिवशीच. डोळे गेलेत, नाक कुठे गेलंय? तरसाचा वास लपतो का?”

“मग महिनाभर थंडीत बसून शरभ शरभ काय चालवलं होतंत?”

मी रागाने भांडी आपटायला लागले तेव्हा म्हणाले, “दमे, तू त्याला लिहीत होतीस ना?”

“तुम्हाला कोणी सांगितलं?”

“दौतीतली शाई कमी होते, पाकिटं आणवतेस, आणि दुसरं कोण आहे तुला लिहायला? मला वाटलं, शरभ आला म्हणून लिहिशील. तू बाई प्रामाणिक. तरस असं लिहून मोकळी झालीस. तरस बघायला मुंबईहून कोण येतं ग?”

मार्तंडा, मला रडू आलं. तुमच्या दोघांवरच्या रागाने आलं, की मीच त्यांचं सगळं मुसळ केरात घातलं म्हणून आलं, हे ठरवता आलं नाही. मी त्यांना थंडीतून घरात आणायला धडपडत होते, आणि ते तुला घरी आणायला थंडीत बसले होते.

रात्री ऑपरेशनचा विषय काढला. म्हणाले, “तो येणार असेल तर करून घेतो. त्याला पाहायला डोळे लागतील.” मग घोंगडी ओढून घेत म्हणाले, “पूर्वी अंगणातून एकदा ओरडलं की उतरायचा.”

अक्का


१९ जानेवारी

चि. मार्तंड,

आधीचं पत्र टाकून दोनच दिवस झाले, पण हे लिहायलाच हवं.

परवा ते पत्र टाकून आल्यावर, तरस पुरायच्या आधी मी आणि पुंजारामने त्याला नीट पाहिलं. मानेचे केस राखाडी, कोरडे. शेंदराचा एक कणही नव्हता. पंजे नुसते मातीचे. पुंजाराम माझ्याकडे बघायला लागला आणि मी पुंजारामकडे.

आज सकाळी दगडापासून ओढ्यापर्यंत पुन्हा लाल पावलं आहेत. ओली. चार बोटं, नखं बाहेर. मी शेजारी माझा हात ठेवून पाऊल मापून पाहिलं. हाडं ठेवणं परवापासून बंद आहे.

तू म्हणशील, तरसाची जोडी असेल. असेल. तू म्हणशील, म्हाताऱ्याने बोटांनी उमटवली असतील. मीही आधी तेच केलं, आप्पांची बोटं पाहिली. शेंदूर आहे बोटांना, पण तो रोजच असतो. काठी दाराशी होती, आणि दाराची कडी आतून मीच लावली होती, मीच काढली. विचारलं तर म्हणाले, “मला काय दिसतंय? तू पाहिलंस, तू सांग.” आणि हसले. ते हसू कसलं, ते मला ओळखता आलं नाही.

हे सगळं मी पाहिलं तसंच लिहितेय, की आता मीही आप्पांचीच मुलगी झालेय, ते माझं मला सांगता येत नाही. एक डोकं म्हणतं तसं, दुसरं म्हणतं असं. तू येऊन ठरव. पाऊस नाही, थंडीत माती लवकर वाळत नाही, पावलं काही दिवस राहतील. मी त्यांच्यावर टोपल्या पालथ्या घालून ठेवल्या आहेत.

आप्पांचा आवाज आता तितक्या लांब जात नाही. म्हणून मी ओरडते.

मार्तंडा, ओढ्यात शरभ आलाय.

अक्का